चार चाकं आणि एक पाठ

…नाही, ढकललं असतं ना, तर चाललं असतं! खरंच सांगते. कोपर मारलं असतं, शिवी दिली असती, पाण्याची बाटली फेकून मारली असती, तरी मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. शर्यत म्हटली की हे व्हायचंच. पण तिनं माझी पाठ थोपटली हो! पाठ! चालत्या सायकलवर!

मी चढावर अशी… हं… हं… हं… तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, गुडघे म्हणतायत आम्ही चाललो घरी, शेवटची रेघ समोर दिसतेय, त्या पाण्याच्या टाकीखाली, फार तर वीस हात राहिलेत, आणि मागून ही येते, शेजारी येते, माझ्या पाठीवर हात ठेवते, असा, पाची बोटं पसरून, धप्पकन थोपटते, बत्तीशी दाखवते आणि जाते पुढे! आणि माझी सायकल, तुम्हाला सांगते, अपमानानं क्षणभर जागच्या जागी थांबली. ती सहावी आली. मी सातवी. एकूण बायका किती होत्या ते विचारू नका… बरं, आठ. आठवीची साखळी तुटली होती.

ही म्हणजे आमची मोठी. मोठ्या जाऊबाई. तोंडावर मी 'वहिनी' म्हणते, अहो-जाहो करते. तुम्ही आपली माणसं म्हणून इथं 'ही' म्हणतेय. शाळेत व्यायामाच्या बाई आहेत. गळ्यात शिट्टी. शाळेत ठीक आहे हो, पण लग्नाला शिट्टी, दवाखान्यात शिट्टी, कुणाच्या मयतीला गेली तरी पदराआड शिट्टी आहेच. आणि सवय काय, तर दिसेल त्याला 'शाबास!' पोरगं दोरीवरून उडी मारतं, शाबास! सासूबाई औषधाची गोळी गिळतात, शाबास! माझे थोरले दीर बिचारे चहाची कपबशी स्वतः विसळतात, शाबास! आणि प्रत्येक शाबासकीबरोबर पाठीवर धप्प. त्या घरातल्या प्रत्येकाच्या पाठीला, मला वाटतं, खळगा पडला असेल.

आणि मी कोण? मी टपाल वाटते. बावीस वर्षं, सायकलवरून! पंधरा किलोची पिशवी, उन्हात, पावसात, मागे कुत्री, पुढे रस्ता खणलेला, 'आमचं पत्र आलं का हो' म्हणून दारात उभ्या माणसाला 'उद्या बघू' म्हणताना तोंडावर हसू… बावीस वर्षं जिनं सायकलवर पोट भरलं, तिची पाठ कोण थोपटतंय? तर जी तीन वर्षांपूर्वी सायकल शिकली, तीही 'गुडघ्यांना बरं असतं गं' म्हणून, ती!

बरं, झालं ते झालं, गिळलं असतं मी. बायकांना गिळायची सवय असते. पण कुणीतरी फोटो काढला! नेमका त्याच क्षणाचा. मी अशी, तोंड वासून, आणि तिचा हात माझ्या पाठीवर, बत्तीस दात बाहेर. सासूबाई मोठीकडे राहतात, त्यांनी तो फोटो मोठा करून घेतला, चौकट घातली आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर टांगला. दर रविवारी आम्ही सगळे तिथं जेवायला. माझी जागा टीव्हीसमोर. घास तोंडात घालायला तोंड उघडलं की समोर मी, तोंड उघडलेली. वर सासूबाई आल्यागेल्याला सांगणार, "बघा, जावा-जावांत किती प्रेम! आमच्या वेळी जावा एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या." मी मनात म्हणायची, सासूबाई, तुमचा काळ चांगला होता हो.

त्या रविवारीच मी शपथ घेतली. पुढच्या वर्षी, त्याच चढावर, त्याच टाकीखाली, वीस हात राहिले असताना, मी हिची पाठ थोपटणार. पाची बोटं पसरून. आणि 'शाबास' म्हणणार. आणि पुढे जाणार. आणि तो फोटो टीव्हीच्या वर लागणार. बस्स. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही मी.

आता सूड घ्यायचा म्हटल्यावर माणसं काय काय करतात. विष घालतात, कोर्टात खेचतात, वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. मी चाकं बदलायचं ठरवलं.

आमच्या टपाल कचेरीसमोरच सायकलवाल्या काकांचं दुकान आहे. खोली एवढीशी, वर ट्यूब लोंबतायत, खाली काका. म्हटलं, "काका, मला डोंगराच्या शर्यतीत एका बाईच्या पुढं जायचंय." काकांनी 'का' विचारलं नाही. शहाणा माणूस. आतून दोन जोड्या काढल्या. म्हणाले, "शर्यतीपुरत्या वापरायला देतो. दोनच जोड्या आहेत. ही घ्या, उचलून बघा."

उचलली. अहो, फूल! चाक आहे की फूल आहे! बारीकसा काठ, बारीक तारा, करंगळीवर तोललं असतं.

"ही हलकी. चढाला. पाय फिरवला की लगेच उचलते. आता ही बघा."

दुसरी जोडी काळीकुळकुळीत, चकचकीत, आणि काठ कसा, चांगला चार बोटं रुंद, तारा दिसतच नाहीत जवळजवळ.

"ही रुंद काठाची. हवा कापते. सपाटीला एकदा वेग घेतला की सोडत नाही. पण जड."

म्हटलं, "मग आपल्या शर्यतीला कुठली?"

"शर्यतीत काय आहे?"

म्हटलं, "आधी कालव्याकाठचा सपाट रस्ता, चौदा किलोमीटर. मग नऊ किलोमीटर चढ. मग वर डोंगरमाथ्यावरचा तीन किलोमीटर सरळ रस्ता. आणि शेवटी टाकीचा छोटा चढ."

"म्हणजे दोन्ही आहे."

"हो ना, मग कुठली?"

"मग तुमच्यावर आहे," म्हणाले.

घ्या! जगात काही विचारायला जा, शेवटी तुमच्यावर आहे! डॉक्टरला विचारा, ऑपरेशन करू का, तुमच्यावर आहे. मुलाला विचारा, जेवायला काय करू, तुझ्यावर आहे. सगळं जर माझ्यावरच आहे तर तुम्ही सगळे कशाला आहात?

घरी आले. आता आमचे हे. हे ट्रकच्या वजनकाट्यावर काम करतात. तीस वर्षं. भरलेला ट्रक काट्यावर चढवायचा, आकडा लिहायचा, रिकामा ट्रक चढवायचा, आकडा लिहायचा, वजाबाकी करायची. तीस वर्षं रोज वजाबाकी केलेला माणूस आहे, त्याला जगात दुसरं काही दिसतच नाही. मी नुसतं तोंडातून काढलं, हलकी की रुंद काठाची, तर हे ताडकन उठून बसले.

"यात विचारायचं काय? वजन! चढ म्हणजे वजन! अगं, भरलेला ट्रक घाटात कसा रडतो माहितीये?"

म्हटलं, "मी ट्रक आहे का?"

त्यावर जो माणूस दोन सेकंद गप्प बसला ना, ते दोन सेकंदही मी विसरलेले नाही. त्यांचाही नंबर लागणार आहे.

मग सुरू झालं. काकांकडून आकडा आणला, दोन जोड्यांत फरक चारशे साठ ग्रॅम. हे रोज संध्याकाळी मला स्वयंपाकघरातल्या काट्यापाशी उभं करायचे. केसातल्या पिना मोजल्या, अकरा. "अकरा कशाला लागतात? चारांत भागव." सायकलची घंटी काढली. पाण्याची बाटली अर्धी. कानातलं काढ. मी वैतागून म्हटलं, "चारशे साठ ग्रॅम म्हणजे माझा सकाळचा नाश्ता! उपाशी जाऊ का?"

"चालेल की," म्हणाले. गंभीरपणे!

पण ह्यांचं मन स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरेना. एका रविवारी काकांकडून दोन्ही जोड्या तासाभरासाठी मागून आणल्या आणि मला घेऊन गेले कामावर. ट्रकच्या काट्यावर! म्हणाले, "घरचा काटा काय, पीठ मोजायचा. खरा काटा हा." तो काटा केवढा, आमची अख्खी खोली मावेल. त्याच्या मध्यभागी ठेवली हलकी जोडी. हे आत गेले, खिडकीतून ओरडले, "शून्य!" मग ठेवली रुंद काठाची. "शून्य!" अहो, तो काटा दहा-दहा किलोंनी पुढं सरकतो! त्याला चाक काय दिसणार! पण हा माणूस बाहेर आला, हातात पावती, पावती फाडली होती हो त्यांनी, आणि मला म्हणतो, "कमाल आहे. दोन्ही सारखीच."

मी पावती पर्समध्ये ठेवली. पुढेमागे उपयोगी पडेल.

तेवढ्यात माझा भाऊ. धाकटा. असून अडचण, नसून खोळंबा. हा दुकानांच्या पाट्या लावतो. शिडीवर चढून, दहा-दहा फुटी पाटी हातात धरून, भर वाऱ्यात. म्हणाला, "ताई, भावोजींचं ऐकू नकोस. वजन बिजन काही नसतं. वारा! मला विचार वारा काय असतो ते. तू रुंद काठाचीच घे." आणि मग त्यानं माझी सायकल बाहेरच्या खोलीत विटांवर उभी केली, मला वर बसवलं, समोर टेबलफॅन लावला फुल्ल, आणि हातात कागदाची पट्टी घेऊन माझ्याभोवती फिरायला लागला. "ताई, डोकं खाली. कोपरं आत. ताई, नाक जरा…" नाकाचं काय करू रे मी? काढून ठेवू? चार दिवस सर्दी झाली मला. शिंकत टपाल वाटलं.

पण एक गोष्ट तो बोलला, ती तेवढी लक्षात ठेवा. म्हणाला, "हां, पण समोरून वारा असेल तर. बाजूनं आला तर मात्र हे रुंद काठाचं चाक म्हणजे पाटी. आणि पाटी वाऱ्यात सापडली ना ताई, की माणूस पाटीबरोबर जातो."

झालं! एकीकडून वजन, एकीकडून वारा, आणि मधे मी, रात्री कूस बदलली की वजन आठवतंय, दुसरी बदलली की वारा. हलकी की रुंद काठाची? पत्र टाकताना, हलकी की रुंद काठाची? भाजी निवडताना, हलकी की रुंद काठाची? लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता हो मी! तेव्हा केला असता तर… जाऊ दे. ते चाकही बदलता येत नाही.

आणि अशातच काका एक दिवस सहज म्हणाले, "अहो, त्या शिट्टीवाल्या बाई आल्या होत्या. चाकांच्या जोड्यांची चौकशी करत होत्या. हलकी घेऊ का दुसरी, विचारून सांगते म्हणाल्या."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गाढवे, म्हटलं स्वतःला, महिनाभर हलकी की रुंद काठाची करत बसलीस! विचारायचंच कशाला? काकांना म्हटलं, "दोन्ही द्या."

"दोन्ही? सायकलला चाकं दोनच असतात, ताई."

"मला माहितीये किती असतात. दोन्ही जोड्या द्या. शर्यत होईपर्यंत."

घेऊन आले घरी. चारही चाकं पलंगाखाली सारली. आणि त्या रात्री, तुम्हाला सांगते, अशी झोप लागली! पाठसुद्धा दुखली नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काकांकडे सायकल घेऊन गेले. म्हटलं, आता लावा. "कुठली?" म्हणाले. मी रडकुंडीलाच आले. मग त्यांना दया आली. म्हणाले, "दोन्ही आहेत ना तुमच्याकडे? मग पुढे हलकं लावू, मागे रुंद काठाचं. पुढचं चाक वळतं, त्याला बाजूचा वारा लागला की हॅंडल हातातून जातं. मागचं वळत नाही, त्याला वाऱ्याची भीती नाही. चढाला निम्मं हलकं, सपाटीला निम्मं हवा कापणारं." अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं! "तुम्ही आधी एकच जोडी मागत होता," म्हणाले.

तर पुढे हलकं, मागे रुंद. उरलेली दोन, म्हणजे पुढचं रुंद आणि मागचं हलकं, पुन्हा पलंगाखाली. मी नवऱ्याला एवढंच बोलले, "ती दोन राहिलीत, सोमवारी काकांना परत करायचीत." का आणली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून आणली, हे काही बोलले नाही. सूड मनात ठेवायचा असतो ना? तिथंच चुकलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी चौकात गेले. आठ बायका. साखळीवालीही आली होती, नवी साखळी लावून. आणि मोठी आली. गळ्यात शिट्टी. मी तिच्या सायकलकडे बघितलं… आणि पुन्हा बघितलं. पुढचं चाक काळंकुळकुळीत, चकचकीत, काठ चार बोटं रुंद! मागचं, फुलासारखं!

मी हळूच नवऱ्याकडे वळले. हे कौतुकानं बघत होते. म्हणाले, "अगं, काल संध्याकाळी वहिनींच्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. फोन आला. म्हटलं आपल्याकडे दोन पडलीच आहेत की. नुसतं मागचं देणार होतो, पण म्हटलं जोडी कशाला फोडा?"

जोडी! माझ्या उरल्यासुरल्याची जोडी! तीस वर्षं वजाबाकी केली, आणि बेरीज केली ती नेमकी इथं!

आणि मोठी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "अगं धाकटे, किती गुणाची आहेस! स्वतःहून चाकं पाठवलीस! नाहीतर मी घरीच बसले असते आज." घरीच! ऐकताय ना? घरीच बसली असती! आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघून 'अय्या' करतायत. मी काय म्हणणार? "असू द्या वहिनी, त्यात काय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेवढ्यात माझं लक्ष पुन्हा तिच्या पुढच्या चाकाकडे गेलं. रुंद. पुढे. आणि वर डोंगरमाथ्यावर वारा कायम दरीकडून, बाजूनं. पाटी! खोटं कशाला बोलू, आधी मनात गुदगुल्या झाल्या. पण मग म्हटलं, नको गं बाई, सांगावं. सूड वेगळा, हातपाय मोडणं वेगळं. शपथ सांगते, मी तोंड उघडलं. "वहिनी, ते पुढचं चाक…" एवढं म्हणालेसुद्धा.

तर ती म्हणते, "घाबरू नकोस गं. दमलीस तर मी आहेच मागून पाठ थोपटायला!"

मी तोंड मिटलं.

शिट्टी झाली. तिची नव्हे, शर्यतीची. कालव्याच्या रस्त्यावर सगळ्या पुढे गेल्या, मोठीही गेली, त्या रुंद चाकाचा आवाज कसा, घूंऽऽ, घूंऽऽ, माझंच चाक आणि मलाच ऐकवतंय. मी म्हटलं, जा बाई जा, चढ यायचाय. चढ आला. नऊ किलोमीटर. तिथं बावीस वर्षांची पिशवी कामाला आली. पाठीवर पंधरा किलो नाहीत म्हटल्यावर मला कुणीतरी वरून ओढतंय असं वाटायला लागलं. साखळीवालीला मागं टाकलं. मग एक-एक वळण, एक-एक वळण, आणि मोठीची पाठ दिसायला लागली. पाठ! वर्षभर जिची वाट बघितली ती पाठ! निळा सदरा, मधोमध घामाचा डाग, जणू निशाणच मारून ठेवलंय, इथं थोपटा.

माथ्यावर पोचलो आणि वारा सुटला. असातसा नाही हो. मोठीची सायकल अशी… अशी… पहिल्या दिवशी सायकल शिकणाऱ्या पोरीसारखी. पुढचं चाक वाऱ्यानं एकदा इकडे, एकदा तिकडे. रस्त्याच्या कडेला चर. आणि भीतीनं तिनं शिट्टी दातांत धरलेली! झोत आला की हॅंडल फिरतंय, आणि ही ओरडायला जाते की, फुर्रऽऽ! पुन्हा झोत, फुर्रऽऽ! अख्ख्या डोंगरावर फुर्र-फुर्र!

मी हसले. हसले हो मी. माझ्या पुढच्या हलक्या चाकाला वारा शिवतही नव्हता. भराभर जवळ गेले, शेजारी आले, हात उचलला, पाची बोटं पसरली… म्हटलं टाकीपर्यंत कशाला थांबायचं, इथंच उरकू… आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

"धाकटे… फुर्र… पडते गं मी… फुर्र… हात ठेव… हात ठेव गं पाठीवर!"

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? मारायला उचललेला हात होता, तो धरायला ठेवला. वाऱ्याच्या बाजूला मी झाले, वारा सगळा माझ्या अंगावर, एक हात माझ्या हॅंडलवर, एक तिच्या पाठीवर, तीन किलोमीटर! तीन! मनात म्हणत होते, रद्द नाही हं केलेला, सूड नुसता पुढे ढकललाय.

टाकीचा चढ आला. तिथं भिंत आहे उंच, वारा पडला एकदम. आणि मोठी काय म्हणाली असेल? शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाली, "हं, जमतंय आता. काढ हात."

काढ हात! आभार नाहीत, काही नाही, काढ हात!

समोर टाकी दिसली. रेघ दिसली. फोटोवाला दिसला, तोच! मी मनात मोजत गेले, पन्नास हात… चाळीस… तीस… वीस! तीच जागा! श्वास घेतला. हात उचलला. पाची बोटं पसरली. मोठ्यानं म्हणाले, "शाबास, वहिनी!" आणि वर्षभराचे बावन्न रविवार, टीव्हीवरचा तो फोटो, अकरा पिना, टेबलफॅन, ती सर्दी, 'काढ हात', सगळं सगळं एका दणक्यात तिच्या पाठीवर…

धाप्प!

अहो, सायकलवर बसलेल्या माणसाला मागून एवढा दणका दिला तर काय होतं? ते पुढे जातं! मोठी सुसाट सुटली! फुर्रऽऽ करत सुटली! आणि दणका देणारीची सायकल? जागच्या जागी उभी! एका चाकानं. एका चाकानं हो ती माझ्या पुढे रेघेवर गेली. आणि ते चाक कुठलं? रुंद काठाचं! तिला मिळू नये म्हणून मी पलंगाखाली लपवलेलं!

ती सहावी. मी सातवी. आठवीची साखळी याही वर्षी तुटली.

वर पंच आले माझ्याकडे, वही घेऊन. "दुसऱ्या स्पर्धकाला ढकलायला बंदी आहे. समज देतोय." मी म्हटलं, "अहो, मग तिला काढा ना सहाव्या नंबरावरून!" तर म्हणतात, "त्यांना कसं काढणार? त्यांनी काय केलं?"

रविवारी जेवायला गेलो. टीव्हीच्या वर दोन चौकटी. एकीत तिचा हात माझ्या पाठीवर, दुसरीत माझा तिच्या. आणि तोंड? माझंच उघडं, दोन्हीकडे. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी जोडी झाली!" हे म्हणाले, "मी म्हटलंच होतं, जोडी फोडू नये."

आणि मोठी जुन्या फोटोकडे बघत कशी बोलून गेली, सहज, वाढता-वाढता, "मागच्या वर्षीही हिनंच वाचवलं हो मला. पोटरीत असा गोळा आला होता, पडतच होते. हिची पाठ हाताशी होती म्हणून. तिच्यावर रेटा दिला आणि गेले पुढे."

माझा घास हातातच. "वहिनी, तुम्ही… तुम्ही पाठ थोपटलीत ना माझी? दात काढून?"

"थोपटते कुठली? आणि दात आवळलेत गं ते, कळ येत होती!"

म्हणजे वर्षभर मी कशाचा सूड घेत होते? कळेचा? आणि मग हळूहळू डोक्यात शिरलं, आणि शिरलं ते आणखीनच वाईट! म्हणजे गेल्या वर्षी ही मला मागं ढकलून स्वतः पुढं गेली, आणि यंदा मी हिला पुढं ढकलून स्वतः मागं राहिले! दोन्ही वर्षं ही बाई सहावी आली ती माझ्या जोरावर! हा तर नवाच हिशेब निघाला! मी काहीतरी जहरी बोलणार, तोंड उघडलं, तर मोठीच्या डोळ्यांत पाणी. माझ्याजवळ आली, म्हणाली, "धाकटे, तू आहेस म्हणून हो," आणि…

थोपटली. धप्प. "शाबास!"

घरी आले ती पाठ धरूनच. पलंगावर बसले. नवऱ्याला म्हटलं, "हलकी नको नि रुंद काठाची नको. तुमच्या त्या चाकांना आग लावा. माझे हातच माझे वैरी आहेत. पुढच्या वर्षी मी हे दोन्ही हात घरी ठेवून जाणार."

ह्यांनी वर बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. जरा वेळ डोळे मिटून काहीतरी मनाशी वजाबाकी केली… आणि म्हणाले,

"सात किलो वाचतील गं."